कडेची जागा

‘‘काका, तुम्ही जरा कडेला येता का? हां, तिकडेच, त्या ताईंच्या शेजारी.’’

फोटो काढणारी असं म्हणाली आणि मी निमूट सरकलो. पस्तिशीची बाई, काळे कपडे, छातीवर चामड्याचे पट्टे आणि दोन्ही बगलांत एकेक कॅमेरा लोंबतोय; लग्नाला नव्हे, दरोड्याला निघाल्यासारखी. मी नवरीच्या मागे, तिच्या डाव्या खांद्याशी उभा होतो. जागा मी स्वतः हेरली होती. मोठ्या झाडाची सावली तिथे संपते, ऊन पानांतून गाळून येतं आणि माझ्या वयाचा माणूससुद्धा तिथे बरा दिसतो. तिथून मला थेट ओळीच्या टोकाला पाठवलं. मी हसत गेलो, कारण नवरी माझी मुलगी होती आणि मुलीच्या लग्नात बापाने तोंड वाकडं करायचं नसतं एवढी अक्कल मला आहे. पण ‘जरा कडेला’ म्हणजे काय, हे त्या बागेतल्या सगळ्या नटलेल्या गर्दीत दोघांनाच ठाऊक होतं. एक तिला आणि एक मला.

उभं आयुष्य मी लग्नांचे फोटो काढण्यात घालवलं, त्यातलं निम्मं याच बागेत. लोकांना वाटतं की फोटोग्राफर माणसं उंचीप्रमाणे उभी करतो. बुटके पुढे, उंच मागे, म्हातारे खुर्चीत. खुळे आहेत. आम्ही माणसं टिकाऊपणाप्रमाणे उभी करतो. जी कायमची आहेत ती मध्ये घ्यायची, मग ती दिसायला कशीही असोत. जी आज आहेत आणि उद्याचं सांगता येत नाही, ती कडेला. भाच्याची नवी मैत्रीण कडेला. गाडीतून उतरतानाच बायकोशी भांडणारा मेहुणा कडेला. काकांची दुसरी बायको कडेला, आणि पहिली आलीच असेल तर दुसऱ्या कडेला. पुढेमागे संबंध फाटले की कडेची पट्टी कापून टाकता येते आणि उरलेलं घराणं एकसंध दिसतं. मुलं खेळताना शेंबड्या भावंडाला खेळात घेतात, पळू देतात, ओरडू देतात, पण त्याच्यावर राज्य येत नाही. ते कच्चं लिंबू. तशी प्रत्येक घरात कच्ची लिंबं असतात, फक्त त्यांना सांगायचं नसतं. हे मला एका बाईंनी शिकवलं. लग्नानंतर वर्षभराने त्यांनी माझ्या दुकानात येऊन अल्बम काउंटरवर आपटला आणि म्हणाल्या, ‘‘ह्याला काढा.’’ हा म्हणजे जावई. तो नेमका मधोमध, दोन म्हाताऱ्यांच्या मागे, दोघींच्या खांद्यांवर हात टाकून उभा. मी त्याला काढला, पण हात काही निघेनात. म्हाताऱ्यांच्या खांद्यांवर दोन पंजे राहिले, एका बोटात अंगठी, मालकाचा पत्ता नाही. बाईंनी फोटो हातभर लांब धरला आणि ‘‘चालेल, लांबून कळत नाही,’’ म्हणून घेऊन गेल्या. तेव्हापासून मी लग्नाच्या दिवशी घरातल्या एखाद्या मावशीला बाजूला घेऊन हळूच विचारू लागलो, ‘‘कोणाकोणाला कडेला घेऊ?’’ आजवर एकही मावशी ‘म्हणजे काय?’ म्हणाली नाही. खालच्या आवाजात भराभर सांगतात. सख्ख्या भावाबद्दलही सांगतात.

म्हणजे या दरोडेखोर बाईनेही कोणाला तरी विचारलं होतं, आणि त्या कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं होतं. कोणी? फोटो अजून निघत नव्हता. नवऱ्यामुलाच्या आजीची चाकांची खुर्ची हिरवळीत रुतली होती, चौघेजण ती उचलायला वाकले होते आणि चौघेही एकमेकांना ‘उचला, उचला’ सांगत होते. उचलत कोणीच नव्हतं. तेवढा वेळ मी ओळीतले चेहरे एकेक करून बघत राहिलो. मुलीची मावशी, म्हणजे माझी एके काळची मेहुणी, पर्समधल्या आरशात ओठ बघत होती. ती सांगेल, तिने मला आमच्या लग्नातसुद्धा कडेला घेतलं असतं. पण आज तिला कोण विचारतंय. मुलीची आई मधल्या खुर्चीत बसली होती, पाठ ताठ, हनुवटी उचललेली, मान लांब दिसावी म्हणून. ती युक्ती तिला मीच शिकवली आहे. लग्न मोडलं तरी माणसं आपल्या युक्त्या परत करत नाहीत. आणि खुर्चीमागे, जिथे काही क्षणांपूर्वी मी होतो त्याच्या बरोबर शेजारी, तिचा आताचा नवरा, दोन्ही हात पोटावर ठेवून. दातांचा डॉक्टर आहे. लोकांनी दात काढावेत म्हणून मी जन्मभर समोर उभा राहून घसा कोरडा केला. हा ते खरोखरच काढतो, आणि वर माणसं त्याचे आभार मानतात. मी मनातल्या मनात त्याला दातवाला म्हणतो. समोर आल्यावर ‘डॉक्टर’ म्हणतो. तो मला ‘कलाकार’ म्हणतो, आणि तो ते मनापासून म्हणतो, हे मला अधिक लागतं. मूर्ख माणसाचा चांगुलपणा सोसायला फार ताकद लागते.

आणि ही बाग. बाग म्हणायची आपली पद्धत. झाडं तेवढी खरी आहेत, कारण ती आधीपासून होती. टक्कल पडलेल्या जागी हिरवळीवर प्लास्टिकची हिरवळ अंथरलेली आहे, तिचे कोपरे खिळ्यांनी ठोकलेले. धबधबा आहे, तो बटणावर चालतो, आणि भाषणं सुरू झाली की आवाज नको म्हणून बंद करतात. मग नुसते ओले दगड उरतात आणि मोटारीच्या तेलाचा वास. कमानीवरच्या फुलांतली वरची ओळ खरी, खालची कापडाची, कारण खालच्या ओळीला मुलं हात लावतात. या सगळ्यापुढे उभी राहून माणसं म्हणतात, निसर्गाच्या सान्निध्यात लग्न करायची आमची फार इच्छा होती. करा बापडे. मी इथे इतकी लग्नं पाहिली आहेत की नवरानवरी कमानीकडे चालू लागली की कितव्या पावलाला ती हसणार, कुठे नवरीचा पायघोळ झगा अडकणार आणि कोणती आत्या नाहीतर कोणता काका मोबाइल उगारून मध्ये कडमडणार, हे मी डोळे मिटून सांगेन. रडणाऱ्या आया रुमाल डोळ्याला लावण्याआधी माझ्याकडे बघून घेत. मी तयार आहे ना, हे बघत. सगळीच्या सगळी माणसं, एकजात, जन्मभरात एकदाच आपल्याकडे बघितलं जातंय म्हणून खुळावलेली. तरी मुलीने हीच बाग निवडली तेव्हा मला वाटलं, मुलगी आपल्यासाठीच हे करतेय. बापाची निम्मी कमाई इथली, बापाला इथला कोपरान् कोपरा पाठ. फोन आला तेव्हा मी लेन्सा पुसायलाच बसलो होतो. ती म्हणाली, ‘‘बाबा, तू फक्त ये.’’ मी म्हटलं, ‘‘म्हणजे?’’ ‘‘म्हणजे कॅमेरा आणू नकोस. फोटो काढायला एक जण सांगितलीय. तू नुसता ये ना. पाहुण्यासारखा.’’ पाहुण्यासारखा! आज फाटकात बागेच्या मॅनेजरने मला सवयीने मागच्या दाराकडे हात दाखवला, जिकडून वाढपी आणि वाजवणारे जातात. मी म्हटलं, आज पुढून. तो माझ्या रिकाम्या खांद्याकडे बघून म्हणाला, ‘‘काय हो, सामान विसरलात?’’

सांगून टाकतो: मला त्या फोटोत मध्ये यायचं होतं. बाकी कशाचं मला काही नव्हतं. दातवाल्याने तिला हाताला धरून कमानीपर्यंत नेलं, नेऊ दे. वाढवलंय त्याने, शाळेची फी, तापातल्या रात्री, सगळं केलंय, मी कुठे नाही म्हणतो. पण फोटो ही माझी जागा आहे. भिंतीवर जे लटकतं तेच पुढे खरं ठरतं हे मी हजार घरांत पाहिलंय. उद्या तिची मुलं बोट ठेवून विचारतील, हा कोण? मध्ये असलो तर ती म्हणेल, हे माझे बाबा. कडेला असलो तर म्हणेल, हे होय, हे एक होते. आणि फोटो फ्रेममध्ये बसवला की मी मावणारच नाही, कारण फ्रेम नेहमी फोटोपेक्षा बोटभर लहान मिळते आणि दुकानदार कडा दुमडून बसवतो. ऊन मानेवर चढत होतं. कॉलर टोचत होती. मला आठवत राहिला तिचा एक वाढदिवस, का ते सांगता येत नाही, बहुधा मेणाचा वास आल्यामुळे. टेबलांवर कोणीतरी भर दुपारी मेणबत्त्या लावून ठेवल्या होत्या. लहान मुलांना फुंकर मारता येत नाही. ती डोळे मिटतात, गाल फुगवतात आणि थुंकी उडवतात. मला हवा होता फुंकर सुटल्यावरचा क्षण, ज्योत आडवी झालेली आणि चेहरा अजून उजळलेला. मी मेणबत्त्या पुन्हा लावल्या. पुन्हा. तिच्या मैत्रिणी केककडे बघत उभ्या होत्या, आई दारात हाताची घडी घालून. शेवटी तिला फुंकरच येईना, ओठ नुसते थरथरले, डोळे भरले, आणि ते दोन थेंब उजेडात असे काही चमकले की मी बटण दाबलं. काय फोटो होता! दुकानाच्या काचेत मोठा करून लावला होता, लोक थांबून बघायचे, त्याच्यावर मला कितीतरी कामं मिळाली. एक दिवस तिच्या आईने तो येऊन उतरवला. घर सोडताना म्हणाली, ‘‘तुझ्याशी दोन शब्द बोलायचे तर आधी उजेडात येऊन बसावं लागतं.’’ वाक्य चांगलं होतं. पाठ करून आली असावी.

‘‘तुम्ही कोणाकडून?’’ शेजारून आवाज आला. माझ्या शेजारची ताई म्हणजे विशीतली एक पोरगी, च्युइंगम चघळणारी, बूट दुखतात म्हणून एक पाय बुटातून काढून हिरवळीवर टेकलेली.

‘‘नवरीकडून,’’ मी म्हटलं.

‘‘मी नवरदेवाकडून. म्हणजे त्याच्या भावाबरोबर आलेय. अजून घरात तसं सांगितलेलं नाही, पण मला म्हणाले या फोटोत.’’ ती खूश होती. ‘‘किती छान ना? लगेच आपलं मानलं.’’

कच्चं लिंबू ते कच्चं लिंबू, त्यात इतकं बिनबियांचं. मी म्हटलं, ‘‘फारच छान.’’

‘‘तुम्ही नवरीचे कोण?’’

एवढा साधा प्रश्न. ओळीतल्या कोणालाही उत्तर द्यायला श्वासही घ्यावा लागला नसता. ‘‘वडील,’’ मी म्हटलं.

तिने चघळणं थांबवलं. मान पुढे काढून तिने ओळीच्या मध्यावर नजर टाकली, मग माझ्याकडे. ‘‘मग ते?’’

‘‘ते दातांचे डॉक्टर.’’

‘‘अच्छा,’’ ती म्हणाली, आणि सगळं कळल्यासारखी मान हलवून बुटात पाय घालू लागली. तिला माझी दया आली होती. उद्या जिचं नावसुद्धा या घरात कोणी काढणार नाही, ती मला ‘चालायचंच हो’ अशा नजरेने बघत होती. आता मात्र डोक्यावरून पाणी गेलं. तिकडे आजींची खुर्ची एकदाची निघाली, त्या मध्ये येऊन बसल्या, लोक ‘हुश्श’ म्हणाले. फोटो काढणारीने तिपायी स्टँडवर लावलेला कॅमेरा सरळ केला आणि ती एका डोळ्याने आत बघू लागली. मी ओळीतून निघालो. तावातावाने नाही, हात पाठीमागे बांधून, काहीतरी बारीकसं विचारायला निघालेल्या माणसासारखा, आणि सरळ तिच्यापाशी जाऊन उभा राहिलो. माझ्या जुन्या जागी, म्हणजे कॅमेऱ्याच्या डाव्या हाताला.

‘‘तुम्हाला कोणी सांगितलं?’’ मी दबक्या आवाजात विचारलं.

‘‘काय, काका?’’

‘‘मला कडेला घ्यायला. मीही हाच धंदा करून म्हातारा झालोय. कडेला कोणाला घेतात ते मला शिकवू नका. तिच्या आईने सांगितलं ना?’’

तिने डोळा काढला आणि माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर लबाडी शोधत होतो, ती सापडेना. ‘‘नाही हो. तुमच्या मुलीनेच सांगितलं.’’

हिरवळ, कमान, माणसं, सगळं जागच्या जागी होतं. मला वाटलं होतं की असं काही ऐकल्यावर निदान कानात आवाज तरी येईल. ‘‘कापून टाकायला?’’ मी विचारलं.

‘‘छे, कापायला कशाला!’’ ती हसली. ‘‘ती म्हणाली, बाबांना मध्ये उभं करू नका, फोटो निघेपर्यंत ते काही तिथे टिकायचे नाहीत. काही ना काही सांगायला तुमच्याकडे येणारच. मध्ये असले की भोक पडेल, मग सगळ्यांना पुन्हा उभं करायचं, आणि आजींना ऊन सोसत नाही. कडेला असले तर बाकीच्यांना नुसतं सरकून घेता येईल.’’ मग माझा चेहरा बघून तिने घाईने भर घातली, ‘‘रागाने नाही हं म्हणाली. हसत होती. सवयच आहे त्यांना, म्हणाली.’’

मी काही बोलणार, तोच तिने हात वर केला. ‘‘सगळे जरा आत सरका! डावीकडचे, अजून थोडं. हां, बस!’’ आणि ओळ सरकली. च्युइंगमवाली पोरगी एक पाऊल आत आली, माझ्या जागेवर उभी राहिली, आणि तिथे कधी कोणी उभं होतं असं कोणालाही वाटलं नसतं. मी पळत गेलो असतो तर अजून पोचलो असतो. पण हिरवळीवरून धापा टाकत येणारा, कोटाची बटणं सांभाळणारा बाप फोटोत कसा दिसतो ते मला माहीत आहे. अशा बापांचे फोटो मी पुष्कळ काढलेत आणि दुकानात बसून त्यांना पोटभर हसलोही आहे. आणि खरं म्हणजे पाय हललेच नाहीत. मी ओळ बघत होतो. उजेड बघत होतो. ऊन एका बाजूने छान उतरलं होतं, आजींच्या केसांना कड आली होती, तिच्या आईची मान लांब दिसत होती, आणि दातवाल्याच्या चष्म्याच्या दोन्ही काचा पांढऱ्याफट्ट चमकत होत्या, त्यामागे डोळेच नव्हते. अख्खा फोटो त्या दोन ठिपक्यांनी वाया गेला असता. गेला असता तर जाऊ द्यायचा. तोंड मिटून उभं राहायचं, बस. तेवढं जमलं असतं कोणालाही.

‘‘त्या चष्मेवाल्यांना मान थोडी खाली घ्यायला सांगा,’’ मी म्हटलं.

‘‘अरे हो! थँक यू, काका,’’ ती म्हणाली, आणि ओरडली, ‘‘डॉक्टर, मान थोडी खाली!’’ दातवाल्याने आज्ञाधारकपणे मान खाली घेतली. काचा विझल्या, मागून त्याचे भाबडे, ओले डोळे दिसले. माझी मुलगी मधोमध उभी होती. ती कॅमेऱ्याकडे बघत होती, की कॅमेऱ्याशेजारी, माझ्याकडे, ते तिथून नक्की कळत नव्हतं. ती हसली. कोणी ‘हस’ म्हटलं नव्हतं. बटणाचा आवाज झाला, मग लागोपाठ दोन-तीनदा.

दरोडेखोर बाईने कॅमेऱ्याचा मागचा पडदा माझ्याकडे वळवला. मी हाताचा आडोसा करून वाकलो आणि नेहमीसारखी कडेपासून सुरुवात केली. खोट काढायची म्हणून शोधत होतो. कोणाचे डोळे मिटलेले नव्हते, कोणाचा हात भलत्याच्या खांद्यावर नव्हता, ओळीत कुठे फट नव्हती. दोन्ही कडा स्वच्छ होत्या.

‘‘बाबा!’’ तिकडून मुलीने हाक मारली. ओळ अजून मोडली नव्हती, सगळेजण उन्हात डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होते, आजीसुद्धा. ‘‘कसा आलाय?’’

‘‘छान आलाय,’’ मी ओरडून सांगितलं. आवाज जरा फाटला.

‘‘चला, सुटलात सगळे,’’ ती बाकीच्यांना म्हणाली, ‘‘बाबा छान म्हणाला,’’ आणि माणसं जेवणाच्या टेबलांकडे निघाली.